बाई, तुमचा बूट हसतोय!

मैत्रिणींनो, ‘चांगल्या दिवसासाठी’ म्हणून जपून ठेवलेली एखादी तरी वस्तू तुमच्या माळ्यावर असणारच. कुणाचा लग्नातला डिनरसेट, कुणाची काश्मीरहून आणलेली शाल. माझ्या माळ्यावर बुटांचा एक जोड होता. तोही शिकारीच्या बुटांचा!

दचकू नका. आमच्या घराण्यात झुरळाशिवाय दुसऱ्या कशाची शिकार कुणी केलेली नाही. त्याचं असं झालं, माझ्या धाकट्या जाऊबाई कॅनडात असतात. सात वर्षांपूर्वी त्या वसईला आल्या तेव्हा हा जोड मला देऊन गेल्या. तिकडे मोसम संपल्यावर सवलतीत मिळाला, त्यांना घट्ट झाला आणि परत करायची मुदतही टळली. “वहिनी, तुम्हाला अगदी बरोबर होईल,” म्हणाल्या. झालाही. खोक्यावर ‘हंटिंग बूट’ असं लिहिलेलं आणि खाली मोठ्या अक्षरांत ४०० ग्रॅम. मी आपली समजले, बुटाचं वजन असेल. हातात घेतल्यावर तेवढे हलके वाटले नाहीत खरे, पण छापलेल्या मजकुरावर आपला विश्वास फार!

पारनाक्याच्या बाजारात भाजीला जाताना कुणी असले बूट घालतं का? गेले माळ्यावर. दर दिवाळीला साफसफाईत खोकं खाली यायचं, मी बूट पुसायची आणि पुन्हा वर. सात दिवाळ्या.

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलींची सहल तुंगारेश्वरला निघाली आणि मला वाटलं, आला तो चांगला दिवस. आमच्या भागातल्या वाचकांना तुंगारेश्वर सांगायला नको. मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून पूर्वेला वळलं की थोड्याच वेळात जंगल सुरू होतं. वाटेत ओढे आडवे येतात आणि वर शंकराचं देऊळ. २००३ साली सरकारने हा सुमारे ८५ चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य म्हणून जाहीर केला. बिबट्याही आहे तिथे. म्हणजे शिकारीचे बूट घालून मी गेले ती नेमकी जिथे शिकारीची पूर्ण बंदी, तिथेच! तशी आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार उरलेलीच नाही. बूट तेवढे उरले.

पहिला अर्धा तास माझा तोरा काही विचारू नका. पाय मात्र आत चांगलेच उकडत होते. मग दुसरा ओढा ओलांडला आणि मागून सातवीतली एक मुलगी ओरडली, “बाई, बाई, तुमचा बूट हसतोय!”

खाली बघते तर उजव्या बुटाचा तळ पुढून सुटून सुसरीच्या जबड्यासारखा उघडलेला. आतून शिळ्या केकसारखा पिवळट भुगा गळत होता. मुलींनी आपल्या वेणीच्या रिबिनी काढून दिल्या, त्यांनी मी बूट बांधला. पाचशे पावलांवर डावाही हसला. परतताना ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावर तो लोंबता तळ दुमडला आणि माझा घोटा मुरगळला. बेचाळीस मुली, दोघी शिक्षिका, आणि त्यातली एक एका पायावर. दोन मुलींच्या खांद्यांवर हात टाकून मी जंगलातून बाहेर आले. त्या मुलींनी ती सहल अजून विसरलेली नाही, मलाही विसरू देत नाहीत.

डॉक्टरांनी पट्टी बांधली, पाय उशीवर उंच ठेवा म्हणाले, तीन आठवडे फार उभं राहायचं नाही. घरात मी उभी राहायची नाही म्हणजे कोण उभं राहणार, हे तुम्हाला सांगायला नको. अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पलंगावर पडल्या पडल्या मला एकच प्रश्न छळत होता. एकदाही न वापरलेले बूट असे फुटले कसे? मुलीला वायनालयातून... नव्हे, तिच्या वडिलांच्या मोबाइलवरून माहिती काढायला बसवलं, आमच्या स्टेशनबाहेरच्या चर्मकार काकांनाही विचारलं. काका हसले. म्हणाले, “बाय, दर पावसाळ्यानंतर असे चार-पाच जोड येतात. ठेवून ठेवून मेलेले.” झालं असं की अशा बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा थर असतो. मऊ असतो, दणका झेलतो. पण हवेतल्या दमटपणाने त्याचे दुवे आतल्या आत तुटत जातात. वरून काही दिसत नाही आणि पाचसात वर्षांनी एके दिवशी भुगा होतो. रोजच्या वापरातल्या बुटापेक्षा खोक्यात बंद पडलेल्या बुटाला हे जास्त बाधतं. आणि आमची वसई! एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी, मध्ये चार महिने पाऊस. जपून ठेवायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. तुमच्याकडे असा परदेशातून आलेला जोड माळ्यावर असेल तर आजच खाली काढा. तळाच्या मधल्या थरावर अंगठ्याने जोरात दाबा. चिरा पडल्या, चिकट लागलं किंवा भुगा आला, तर तो जोड घालून घराबाहेर पडू नका. नुसता गोंद लावून तो बरा होत नाही, चर्मकाराकडून पूर्ण तळ बदलून घ्यावा लागतो.

आणि ते ४०० ग्रॅम? तेही कोडं सुटलं. तो आकडा बुटाच्या वजनाचा नसून आतल्या उबदार अस्तराचा होता, एक चौरस मीटर अस्तराचं वजन. कॅनडातले शिकारी थंडीत तासन् तास बदकांची किंवा हरणांची वाट बघत दलदलीत बसतात, त्यांच्या पायांना ऊब हवी. आपल्याला हवी का? तेव्हा परगावच्या नणंदा-जावांना बूट आणायला सांगणार असाल तर ‘अस्तर नसलेले’ असं आधी सांगा.

मी खऱ्या वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा काढला. वर्तमानपत्र अंथरून त्यावर बूट ठेवला, तेवढ्यात सासूबाई आत आल्या. “अगो, पीठ मोजायच्या काट्यावर पायताण!” पुढचं लिहीत नाही. काटा नंतर चिंचेने घासला. एक बूट ७२० ग्रॅम. दोन्ही मिळून दीड किलोला थोडे कमी.

आता तुम्ही म्हणाल, दीड किलो म्हणजे काय मोठंसं? आपण दोन्ही हातांत पाच-पाच किलोच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढतो. पण पायातल्या वजनाचं गणित वेगळं आहे, आणि ते मला या सगळ्या भानगडीत पहिल्यांदा कळलं. १९६९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तरुणांना डोक्यावर, हातात आणि पायांत वजन देऊन चालवलं आणि किती शक्ती खर्च होते ते मोजलं. डोक्यावरच्या वजनाला आपल्या स्वतःच्या अंगाच्या वजनापेक्षा जेमतेम सव्वापट शक्ती लागली. (डोक्यावर हंडे वाहणाऱ्या आपल्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं!) पायातल्या वजनाला मात्र चालण्याच्या वेगाप्रमाणे चारपट ते सहापट. कारण उघड आहे. डोक्यावरचा हंडा एकदा उचलला की वरच राहतो. बूट मात्र प्रत्येक पावलाला उचलायचा, पुढे फेकायचा, थांबवायचा आणि खाली ठेवायचा.

हिशोब करून बघा. दहा किलोमीटर चालायला आपल्याला साधारण चौदा हजार पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक पायाची सात हजार. एक बूट ३५० ग्रॅमने जड असेल तर एकेका पायाने दिवसभरात साडेचोवीस क्विंटल वजन फुकट उचललं. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात त्या उगीच नाही.

मग ठरवलं, आता आपले स्वतःचे, हलके, जंगलात चालायचे बूट घ्यायचे. घरात मुलाला दरवर्षी शाळेचे बूट येतात, ह्यांना ऑफिसचे येतात, मुलीला खेळाचे येतात. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात मी स्वतःसाठी बूट विकत घेतले नव्हते. चपला घेतल्या, लग्नकार्याला सँडल घेतल्या. बूट नाहीत. तुमचंही असंच असेल, तर पुढचं जरा सविस्तर वाचा.

सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींत ‘हंटर’ हा शब्द जुना आहे. घोट्याच्या वर येणारा, खाकी किंवा हिरव्या कॅनव्हासचा, खाचा असलेल्या रबरी तळाचा बूट. नाव शिकाऱ्याचं, पण वापर गड चढणाऱ्या पोरांचा. खरं तर शिकाऱ्यालाही जाड बूट नकोच असायचा. कुमाऊंच्या नरभक्षक वाघांच्या मागावर फिरणाऱ्या जिम कॉर्बेटने पातळ रबरी तळाचे बूट वापरल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. पायाखालची काटकी कळली पाहिजे, आवाज होता कामा नये. आपल्याला वाघ गाठायचा नाही, पण पायाखालचा दगड हलतोय की स्थिर आहे हे तळव्याला कळणं आपल्याही फायद्याचंच.

खरेदीला मी संध्याकाळी सहानंतर गेले, आणि तुम्हीही संध्याकाळीच जा. दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो. सकाळी बरोबर झालेला बूट दुपारी चावतो. निघण्यापूर्वी घरी वर्तमानपत्रावर दोन्ही पायांची बाह्यरेषा पेन्सिल उभी धरून काढा. उभं राहून काढायची, बसून नव्हे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा जवळजवळ पाव इंच मोठा निघाला! बहुतेकांचे पाय असे थोडे लहानमोठे असतात. बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यायचा. आणि सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही. माझ्या मुलीचं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे.

दुकानात ‘लेडीज’ मध्ये बघितलं तर सगळे बूट पुढून निमुळते. आपण जन्मभर अनवाणी आणि चपलांत वावरलेल्या. बोटं मोकळी पसरलेली असतात, पाय पुढून रुंद असतो. माझी बोटं आत शेंगेतल्या दाण्यांसारखी दाटीने बसली. हा आपल्या पायांचा दोष नव्हे बरं का. आपल्याकडचे मापाचे नंबर मुळात इंग्रजांच्या वेळचे. एक नंबर वाढला की लांबी एक-तृतीयांश इंच वाढते, असं हे माप. रुंदीचा त्यात विचारच नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात लाखावर लोकांच्या पायांची मोजणी केली, तेव्हा भारतीय पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचंच दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची आपली स्वतःची मापपद्धत सुचवली गेली आहे. दुकानदाराला मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, “वहिनी, आमच्याकडे तोच माल येतो.” मग मी सरळ पुरुषांच्या कप्प्यातला पाच नंबर मागितला. “अहो, तो जेन्टसचा आहे!” असू दे की. पायाला काय कळतंय? आणि खरंच, तो छान बसला.

बसला हे कसं ठरवायचं? आतलं सुटं अस्तर बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा. पाय कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग रंग कितीही आवडो. अस्तरावर टाच मागे नेमकी बसवली की सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे अर्धा ते पाऊण इंच जागा हवी. ही जागा चढताना लागत नाही, उतरताना लागते. उतारावर पाय पुढे सरकतो आणि बोटं पुढच्या भिंतीवर आपटत राहतात. जिवदानीच्या पायऱ्या उतरून आल्यावर ज्यांची नखं काळी पडतात त्यांना विचारा! दुकानात डोंगर नसतो, पण जिना असतो. मी नाडी बांधून दुकानाचा जिना चार वेळा उतरले, पुढच्या पायरीच्या कडेवर बोटं ठोकून पाहिली. दुकानदाराचा मुलगा तोंडात रुमाल धरून हसत होता. हसू दे. पैसे माझे होते.

चढताना उलट टाचेकडे लक्ष द्या. टाच आत वर-खाली होत असेल तर फोड ठरलेला. थोडी हलत असेल तर सगळ्यात वरच्या भोकांत नाडीचे छोटे फास करून त्यातून दुसरी टोकं ओढून बांधा, टाच मागे चिकटते. मग बूट हातात घेऊन वाकवा. जिथे आपली बोटं वळतात तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर तळ कमकुवत समजायचा. ओला फडका पिळतो तसा पिळूनही पाहा. सहज पिळला गेला तर दगडधोंड्यांत पाय वेडावाकडा होईल. अजिबात हलला नाही तर तो आपल्या एक दिवसाच्या चालण्यासाठी नाही, बर्फात जाणाऱ्यांसाठी.

वजनाचं काय? खोक्यावर ते लिहिलेलं असतंच असं नाही, आणि लिहिलेल्याचा अनुभव मी घेतलेला. तीन जोड पसंत पडले होते. दुकानाच्या बाहेरच आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी पालेभाज्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या काट्यावर माझी कापडी पिशवी ठेवून एकेक जोड तोलला. “काय भाव लावू गो बाय?” मावशींनी विचारलं आणि रस्ता हसला. सगळ्यात महागडा जोड सगळ्यात जड निघाला. मी घेतला तो एका बुटाला ३७० ग्रॅमचा, कॅनव्हासचा, घोट्यापर्यंत, रबरी तळाचा.

दुकानदाराने पाणी आत न शिरणाऱ्या अस्तराच्या बुटाची फार भलावण केली. दुप्पट किंमत. थंड प्रदेशात त्याचा उपयोग असेलही. पण आपल्याकडच्या पावसात पाणी तळातून नाही, वरून घोट्याकडून आत येतं. एकदा आत आलं की ते अस्तर त्याला बाहेरही जाऊ देत नाही, आणि दिवसभर पाय डबक्यात. आपल्या पावसाला पाणी येऊन निघून जाणारा, लवकर वाळणारा कॅनव्हास किंवा जाळीदार कापड बरं. उष्ण जंगलात वावरणाऱ्या सैनिकांच्या ‘जंगल बुटां’ना तर पाणी निघून जायला कडेला मुद्दाम भोकं ठेवलेली असत. चामड्याचा बूट टिकतो, त्यात वाद नाही. पण तो भिजला की जड होतो आणि आमच्याकडे श्रावणात त्यावर हिरवी बुरशी हमखास.

घोट्यापर्यंतचा बूट घेतला म्हणजे पाय मुरगळणारच नाही, असं मात्र समजू नका. माझाही घोट्याच्या वर येणाराच बूट होता! काटेकुटे, खडे आणि सरपटणारे प्राणी यांपासून घोटा झाकला जातो, हा त्याचा खरा फायदा. तळाच्या खाचा खोल आणि रबर बऱ्यापैकी मऊ असावं. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे. प्लास्टिकसारखा टणक तळ कोरड्या रस्त्यावर वर्षानुवर्षं झिजत नाही, पण ओल्या कातळावर साबणासारखा सरकतो. आणि खरं सांगू, शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही. तिथे मान खाली घालून, दुसरीचा हात धरून चालायचं.

मोजे सुती नकोत, हे मला नवीनच होतं. सुती मोजा घाम शोषतो आणि ओलाच राहतो, मग ओली कातडी घासून फोड येतो. नायलॉन किंवा लोकर मिसळलेला मोजा बरा, आणि बूट पायात घालून बघताना तोच मोजा घातलेला हवा. नवे बूट थेट सहलीला घालू नका. मी पंधरा दिवस घरात, मग बाजारात, मग किल्ल्यात घालून फिरले. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने जिंकलेल्या त्या किल्ल्यात आता आमच्यासारख्या बायका सकाळी फेऱ्या मारतात, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. चालताना कुठे ‘गरम’ लागलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. पुढच्या वळणावर थांबू म्हटलं की फोड आलाच.

घरी आल्यावर बूट चुलीपाशी, गॅसजवळ किंवा रणरणत्या उन्हात वाळवू नका, चिकटवलेले भाग सुटतात. अस्तर बाहेर काढायचं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी ते बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. आणि घालण्यापूर्वी उलटा करून आपटायचा, नेहमी. कोकणातला लाल विंचू अंधाऱ्या जागी बसतो. त्याच्या दंशावरच्या उपचारांसाठी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्य घातलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संशोधनाने माणसं वाचू लागली हे खरं, पण आपण बूट आपटलेला बरा.

आता सासूबाई.

पायांच्या बाह्यरेषा काढायचा कार्यक्रम घरात सगळ्यांना आवडला. मुलगा, मुलगी, हे, सगळ्यांचे पाय कागदावर उतरले. मुलगी म्हणाली, “आजी, तुझा पण!” सासूबाई नको नको म्हणत उभ्या राहिल्या. मी पेन्सिल फिरवत होते आणि उजव्या पायाच्या चवड्यापाशी कागद ओला झाला. पाय उचलून पाहिला तर चवड्याखाली पावलीएवढी जखम. आत काचेचा कण. “आई, दुखत नाही का हो तुम्हाला?” “काय दुखायचंय? मला तर ठाऊकही नाही.”

त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर, साखर नाही, सगळं नीट. पण पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मी घोटा घेऊन पडले होते तेव्हा एक बाटली फुटली होती. त्याच दिवसांत त्या माझ्या जागी ओट्यापाशी अनवाणी उभ्या राहिल्या होत्या. किती दिवस तो कण घेऊन वावरल्या, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस गेले असते तर बोटावर निभावलं असतं की नाही सांगता येत नाही. जखम भरायला सात आठवडे लागले.

तेव्हा घरात मधुमेहाचं माणूस असेल तर रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात बघा. त्या एकट्या असतील तर जमिनीवर आरसा ठेवून त्यात बघू देत. घरातसुद्धा अनवाणी नको. गरम पाण्यात पाय घालण्यापूर्वी पाणी दुसऱ्याने हाताने पाहायचं. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच, मग काढून कुठे लाल झालंय का ते बघायचं. आत हात घालून शिवण, खिळा, खडा काही टोचतं का तेही रोज चाचपायचं, कारण टोचलं तरी त्यांना कळणार नाही. आणि बोलायला नको वाटतं, पण सांगते, ‘आमच्याकडे घरात चपला घालत नाहीत’ हे वाक्य अशा माणसाच्या बाबतीत सोडून द्या. आम्ही घरात वापरायची वेगळी, मऊ, मागे पट्टा असलेली जोडी घेतली. देवघरापुरती ती काढून, पाटावर बसून पूजा होते. पहिले आठ दिवस घरात महाभारत झालं.

पण खरं भांडण पुढेच होतं. सासूबाई दरवर्षी नवरात्रात विरारच्या जिवदानीला अनवाणी चढायच्या. सुमारे १३०० पायऱ्या! लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. रोपवे आहे म्हटलं तर त्यात बसायला तयार नाहीत. बूट घाल म्हटलं तर तोंड फिरवून बसल्या. शेवटी डॉक्टरांनीच अनवाणी चढायला साफ नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, “तुझ्यासारखे आण. पण हलके. आणि काळे नकोत.”

त्याच दुकानात, संध्याकाळी सहानंतर, तो अर्ध्यावर थांबलेला कागद घेऊन आम्ही गेलो. चार नंबर, पुढून रुंद, आत शिवण नसलेला, तपकिरी, एका बुटाचं वजन २९० ग्रॅम. मावशींनी तोलून दिला आणि या वेळी भाव विचारला नाही, त्याच आपला पाय पुढे करून म्हणाल्या, “माझा पण एकदा बघ गो.”

यंदा अष्टमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी पहाटे पाचला चढायला लागलो. दर शंभर पायऱ्यांवर थांबत, अडीच तासांनी वर पोचलो. शेवटच्या पायऱ्यांशी सासूबाईंनी बूट काढून माझ्या हातात दिले, मी खाली चादर पसरली, त्यावरून त्या देवीपुढे गेल्या. उतरताना नाडी मी बांधून दिली. घरी येऊन आंघोळ केली, जेवणं झाली, मी जरा आडवी झाले, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

“सूनबाई, माझ्या बुटांत कागद कोंबलास का?”